शँपेनची शीव

पैठणचे वस्त्र ते पैठणी, चंदेरीचे ते चंदेरी, महेश्वरचे ते महेश्वरी. गावाचे नाव मालाला चिकटते आणि काही पिढ्यांनी माल गावाहून मोठा होतो. ज्या घरातील कोणीही पैठण पाहिलेले नसते, त्या घरातही लग्नात पैठणी निघते. पुढे दुसऱ्या गावचा विणकर तसाच काठ, तसाच पदर विणू लागतो. आज बहुतेक पैठणी येवल्याला विणली जाते आणि तिला खोटी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग नाव असते तरी कोणाचे? मातीचे, कसबाचे, की बाजारात ते गाजविणाऱ्या व्यापाऱ्याचे? आपल्याकडे हा वाद फार झाले तर कचेरीपर्यंत पोचतो. फ्रान्समध्ये मात्र १९११ साली याच प्रश्नावरून घरे जळली, तळघरांतून मद्याचे पाट वाहिले आणि खेड्यापाड्यांत घोडदळ उतरले. तो प्रश्न ज्या नावासाठी पेटला ते नाव म्हणजे शँपेन.

फ्रेंच लोक या शब्दाचा उच्चार शांपान्य असा करतात. आपल्याकडे तो इंग्रजीच्या वाटेने आला म्हणून शँपेन झाला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मोकळे माळरान एवढाच. पॅरिसच्या पूर्वेस सुमारे दीडशे किलोमीटरवर, मार्न नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा मुलूख. जमीन पांढऱ्या खडूची. वरचा मातीचा थर पातळ. हवा इतकी थंड की द्राक्ष जेमतेम पिकावे. याच मुलखातील रँस नगरीत फ्रान्सच्या राजांना राज्याभिषेक होत असे, आणि त्या निमित्ताने येथील वाइन दरबारी मंडळींच्या ओठी लागली. पण ती आजची शँपेन नव्हे. ती होती फिकट तांबूस, साधी, न फसफसणारी वाइन. आणि दक्षिणेकडील बर्गंडीच्या तांबड्या वाइनशी बरोबरी करण्याची तिची धडपड फारशी यशस्वी होत नव्हती.

फेस हा या वाइनचा गुण नव्हता. तो तिचा रोग होता. द्राक्षाच्या रसातील साखर किण्वामुळे आंबते, तिचे मद्यार्कात रूपांतर होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. उबदार प्रदेशात हे काम शरदात एकदाच पुरे होते. शँपेनमध्ये मात्र सुगीपाठोपाठ थंडी येते, किण्व गारठून निजते आणि थोडी साखर तशीच उरते. वसंतात ऊब आली की ते किण्व जागे होते आणि रस पुन्हा आंबू लागतो. त्या वेळी वाइन पिंपात असली तर वायू निघून जातो. बंद बाटलीत असली तर तो कोंडतो. म्हणून वसंत आला की येथील तळघरांत बाटल्या फुटू लागत. बिचारा उत्पादक याला निसर्गाची खोड समजे आणि ती कशी मोडावी याची चिंता करी.

येथे दों पेरिन्यों या बेनेडिक्टाइन भिक्षूची कथा सांगितली जाते. ओव्हिलेर येथील मठात १६६८ पासून १७१५ मध्ये मरण येईपर्यंत तो कोठार सांभाळीत होता. एके दिवशी त्याने फसफसणारी वाइन चाखली, आपण जणू तारे पीत आहोत असे आनंदाने म्हटले आणि शँपेनचा जन्म झाला, अशी ती कथा. कथा गोड आहे, पण इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. तिची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकात सापडतात. मठ मोडल्यानंतर तेथीलच एका जुन्या भिक्षूने १८२१ साली पेरिन्योंला शोधाचे श्रेय देणारे पत्र लिहिले, आणि पुढे व्यापाऱ्यांच्या जाहिरातींनी त्यावर साज चढविला. खरा पेरिन्यों फेस आणण्यासाठी नव्हे, तर तो टाळण्यासाठी खटपट करीत होता. त्याची कामगिरी निराळी आणि खरे पाहता अधिक मोलाची आहे. वेगवेगळ्या मळ्यांतील द्राक्षे कोणत्या प्रमाणात मिसळावी हे त्याने हेरले. वेलींची कडक छाटणी केली. काळ्या द्राक्षांवर अगदी हलका दाब देऊन सालीचा रंग न उतरता स्वच्छ रस कसा काढावा, हे तंत्र घोटून बसविले. आजही शँपेनचा प्राण मिश्रणात आहे. पीनो न्वार आणि म्यूनिए ही दोन काळी द्राक्षे आणि शार्दोने हे पांढरे, अशा तिघांच्या मेळातून बहुतेक शँपेन बनते.

फेस मुद्दाम आणण्याची पहिली लेखी नोंद फ्रान्समध्ये नाही, लंडनमध्ये आहे, ही गोष्ट फ्रेंच अभिमानाला थोडी झोंबणारी खरी. १६६२ च्या डिसेंबरात क्रिस्टोफर मेरेट नावाच्या वैद्याने रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. वाइनचे व्यापारी हरतऱ्हेच्या वाइनमध्ये साखर व काकवी घालून तिला चंचल आणि फसफसणारी करतात, असे त्याने त्यात सांगितले. त्या वेळी पेरिन्यों अद्याप कोठारावर रुजूही झाला नव्हता. इंग्रजांना हे साधले याचे कारण काचेत होते. जहाजांसाठी लाकूड राखून ठेवावे म्हणून १६१५ साली इंग्लंडच्या राजाने काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली. भट्ट्या दगडी कोळशावर चालू लागल्या, आच वाढली आणि बाटल्या जाड व मजबूत निघू लागल्या. त्यांना बुचाची जोड मिळाली. एका राजाला आरमाराची काळजी पडली आणि त्यायोगे एका पेयाला टिकाऊ घर मिळाले, असा हा योग.

फ्रान्समध्ये बाटलीतून वाइन वाहून नेण्यास १७२८ च्या राजाज्ञेने परवानगी मिळाली, आणि लगेच पुढल्या वर्षी रँस येथे र्युइनार्ची पेढी निघाली. १७४३ साली एपेर्ने येथे मोएची. तरी धंदा जुगाराचाच होता. बाटलीच्या आत सहा वातावरणांपर्यंत दाब चढतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून तो अधिक असतो. एक बाटली फुटली की शेजारच्या चार घेऊन जाई. तळघरातील कामकरी तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून काम करीत. एखाद्या वाईट वर्षी निम्म्याहून अधिक माल काचांच्या ढिगात जाई. १८३६ च्या सुमारास शालों येथील फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने वाइनमध्ये उरलेली साखर मोजण्याची रीत काढली, तेव्हा कोठे किती साखर घालावी याचा हिशेब बसला आणि फुटतूट आटोक्यात आली. पेरिन्योंचे पुतळे उभे राहिले. या औषधविक्रेत्याचे नाव मात्र धंद्यातल्या लोकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

दुसरी अडचण साक्याची होती. बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना मेलेले किण्व तळाशी बसते आणि वाइन गढूळ दिसते. तो साका काढू जावे तर फेसही निघून जातो. हे कोडे सोडविले बार्ब-निकोल क्लिको या विधवेने. १८०५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तिचा नवरा वारला. त्या काळच्या फ्रेंच कायद्यात विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने व्यापार करण्याची मोकळीक नव्हती, विधवेला होती. तिने सासऱ्याचे मन वळवून पेढी हाती घेतली. नेपोलियनच्या युद्धांनी बाजारपेठा बंद पडल्या होत्या. १८१४ मध्ये शांततेची चाहूल लागताच, नाकेबंदी पुरती उठण्याची वाट न पाहता, तिने दहा हजारांवर बाटल्या एका डच जहाजातून गुपचूप बाल्टिक समुद्राकडे रवाना केल्या. माल होता १८११ चा. त्या वर्षी आकाशात मोठा धूमकेतू दिसला होता आणि द्राक्षे अपूर्व आली होती. प्रतिस्पर्धी जागे होण्यापूर्वी रशियाच्या राजधानीत विधवा क्लिकोचे नाव झाले.

मागणी वाढली तशी साक्याची अडचण अधिक बोचू लागली. १८१६ च्या सुमारास तिने आपल्या तळघराच्या कारभाऱ्यासह एक युक्ती काढली. फळीला तिरपी भोके पाडावयाची, त्यांत बाटल्या मानेकडून खोचावयाच्या, आणि कित्येक आठवडे रोज प्रत्येक बाटली थोडी हलवून, थोडी फिरवून, थोडी अधिक उभी करावयाची. हळूहळू सारा साका बुचापाशी गोळा होतो. मग बूच झटकन काढले की आतल्या दाबाने साका उडतो, वाइन राहते. उणे पडलेली जागा थोड्या गोड वाइनने भरून बूच पुन्हा पक्के करावयाचे. पुढे बाटलीची मान गोठवून साका बर्फासकट काढण्याची सोय झाली, आणि अलीकडे फिरविण्याचे काम बहुतांशी यंत्रे करतात. पण दिवसाला चाळीस हजार बाटल्या दोन्ही हातांनी फिरविणारे कसबी लोक या तळघरांत होऊन गेले. त्या हातांना नाव लाभले नाही, आणि बाटलीवरही ते कोठे दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात शँपेन जगभर गेली. रशियनांना ती पाकासारखी गोड लागे. इंग्रजांना कोरडी हवी असे. बाई पोम्मेरी या दुसऱ्या एका कर्तबगार विधवेने १८७४ साली जवळजवळ साखरेविना वाइन करून इंग्लंडची पेठ काबीज केली. आज 'ब्र्यूत' म्हणून जी कोरडी शँपेन सर्वत्र मिळते तिची परंपरा ही अशी इंग्रजी जिभेच्या लहरीतून आली आहे.

या वैभवाची दुसरी बाजू मळ्यांत होती. पेढ्या थोड्या, बागायतदार हजारो. पेढीवाल्यांकडे तळघरे, भांडवल आणि नाव. बागायतदाराकडे एक-दोन एकरांचे तुकडे. द्राक्ष नाशवंत; सुगीच्या दिवसांत पेढी सांगेल त्या भावाने विकण्यावाचून गत्यंतर नसे. त्यात अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा ही मुळे पोखरणारी कीड १८६० नंतर फ्रान्सभर पसरत १८९० च्या सुमारास शँपेनपर्यंत पोचली. अमेरिकन खुंटावर फ्रेंच कलम बांधणे हाच त्यावर उपाय ठरला. पण मळाच्या मळा उपटून नव्याने लावावयाचा म्हणजे कर्ज आलेच. पाठोपाठ १९०७ पासून हवामान फिरले. १९१० साली गारा, पाऊस आणि केवडा यांनी मिळून पीक जवळजवळ नाहीसे केले.

आणि तरीही पेढ्यांची शँपेन बाजारात येतच होती! आगगाडीने ल्वारच्या खोऱ्यातून, थेट दक्षिणेतील लांगदॉकमधून स्वस्त वाइन येई; तिला रँसच्या तळघरात फेस आणावयाचा आणि वर शँपेनचे नाव चिकटवावयाचे. सर्वच पेढ्या हे करीत नव्हत्या. काही जुन्या पेढ्या स्वतःच्या नावाला जपणाऱ्या होत्या. परंतु कर्जात बुडालेल्या बागायतदाराला ठेसनावर उतरणारी परकी पिंपे दिसत होती, आणि तेवढे दिसणे पुरेसे होते. १९११ च्या जानेवारीत दामरी व ओव्हिलेर या गावी जमावाने गाड्या अडविल्या, पिंपे नदीत लोटली, व्यापाऱ्यांची कोठारे फोडली. पेरिन्योंच्या गावीच हे घडावे, हा दैवाचा खेळ.

सरकारने त्यापूर्वीच, १७ डिसेंबर १९०८ रोजी, एक रेषा ओढलेली होती. शँपेन म्हणजे मुख्यतः मार्न जिल्हा आणि शेजारच्या एन जिल्ह्याचा काही भाग, असा निर्णय झाला होता. दक्षिणेकडील ओब जिल्हा या रेषेबाहेर राहिला. हा निवाडा मार्नच्या लोकांना न्याय वाटला, कारण ओबची द्राक्षे गामे नावाच्या हलक्या जातीची, असे त्यांचे म्हणणे. ओबच्या लोकांना मात्र आपल्याच घरातून बाहेर काढल्यासारखे झाले. आणि त्यांची बाजू पोकळ नव्हती. त्यांचे त्रॉय शहर ही जुन्या शांपान्य परगण्याची राजधानी. तेथील उमरावांच्या जत्रा मध्ययुगात साऱ्या युरोपात गाजलेल्या. ज्या शहरावरून परगणा ओळखला जाई, तेच शहर आता परगण्याचे नाव लावू शकत नव्हते. कागदावर रेषा ओढणाऱ्याला ती बारीक दिसते. जिच्या पलीकडे एखाद्याचा मळा पडतो, त्याला ती भिंत असते. ओबमध्ये सभा भरल्या, मिरवणुका निघाल्या, गावोगावच्या मंडळांनी राजीनामे दिले, करांच्या कागदांच्या होळ्या पेटल्या.

यामुळे पॅरिसमधील राजकारणी मंडळी डगमगली. ११ एप्रिल १९११ रोजी सीनेटने अशा सीमा रद्द कराव्या असा कौल दिला. ओब शांत झाले आणि त्याच रात्री मार्न पेटले. १२ एप्रिलला आइ या गावात हजारोंचा जमाव घुसला. पेढ्यांच्या इमारतींना आगी लागल्या, बाटल्यांचा चुराडा झाला, गल्लीबोळांतून वाइन वाहिली. त्या क्रोधात दोषी आणि निर्दोष यांची निवड नीट झाली नाही. ती अशा वेळी कधीच होत नसते. लष्कर आले आणि सुगीपर्यंत राहिले. जूनमध्ये सरकारने तडजोड म्हणून ओबला 'शँपेन, दुय्यम विभाग' असे नाव देऊ केले. अपमानास अधिकृत शिक्का मारण्याचा हा प्रकार कोणालाच पसंत पडला नाही.

निर्णय होण्यापूर्वीच १९१४ चे महायुद्ध आले. रँसच्या प्रार्थनामंदिरावर तोफा डागल्या गेल्या. खडूत खोदलेल्या तळघरांत, बाटल्यांच्या राशींशेजारी, शहरातील लोक राहू लागले. तेथे मुलांच्या शाळा भरल्या. वर तोफा चालू असताना बायका, म्हातारे आणि मुले यांनी मळ्यांत सुगी केली. मळा आणि तळघर एकमेकांवाचून जगू शकत नाहीत ही गोष्ट युद्धाने जितकी शिकविली तितकी कोणत्याही कायद्याने शिकविली नसेल. २२ जुलै १९२७ च्या कायद्याने ओब जिल्हा 'दुय्यम' हा शब्द टाकून शँपेनमध्ये आला, आणि गामेच्या वेली ठराविक मुदतीत काढून टाकण्याची अटही आली. १९३६ साली नावाला आजच्या नियमबद्ध स्वरूपात संरक्षण मिळाले. कोणती द्राक्षे, किती दाब, किती काळ तळघरात, सारे ठरले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अमलाखाली माल पुरविण्याची सक्ती झाली, तेव्हा १९४१ साली बागायतदार आणि पेढ्या यांची एक संयुक्त समिती निघाली. पेढ्यांच्या वतीने तिचे नेतृत्व करणारे रोबेर-जाँ द व्होग्युए यांना जर्मनांनी १९४३ मध्ये पकडून देहान्ताची शिक्षा सुनावली. ती पुढे अमलात आली नाही. त्यांना जर्मनीतील छावणीत धाडण्यात आले आणि तेथून ते जिवंत परतले. ही समिती आजही आहे, आणि १९११ मध्ये एकमेकांसमोर उभे असलेले दोन पक्ष तिच्यात एकाच मेजाशी बसतात.

घरची शीव ठरल्यावर समितीने बाहेरची शीव राखण्यास सुरुवात केली. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर दुसऱ्यांच्या प्रादेशिक नावांचा मान राखण्याचे बंधन आले, तेव्हापासून जर्मन फेसाळ वाइन 'झेक्ट' या नावानेच चालते. स्पेनमधील कातालोनियात १८७२ पासून होसेप राव्हेंतोस यांनी शँपेनच्या रीतीने, पण माकाबेओ, शारेल्लो, पारेल्यादा या देशी द्राक्षांची वाइन केली. १९६० साली लंडनच्या न्यायालयाने 'स्पॅनिश शँपेन' हे नाव फसवे ठरविले. आज तिला 'कावा' म्हणतात आणि ती स्वतःच्या नावावर सुखाने नांदते. इटलीचा 'प्रोसेक्को' बाटलीत नव्हे, मोठ्या बंद टाकीत फेस आणून करतात. आज तो खपात शँपेनच्या पुढे आहे. त्यालाही नकलांची धास्ती पडली. २००९ साली इटालियनांनी द्राक्षाचे प्रोसेक्को हे नाव बदलून 'ग्लेरा' केले आणि प्रोसेक्को हे नाव प्रदेशाला बांधून टाकले. चोराला भ्यायचे दिवस आले म्हणजे धंदा भरभराटीला आला असे समजावे.

सर्वांत विलक्षण प्रकरण स्वित्झर्लंडमधील आहे. व्हो परगण्यात शांपान्य नावाचेच एक खेडे आहे. तेथील शेतकरी आपल्या साध्या, फेस नसलेल्या वाइनवर आपल्याच गावाचे नाव पिढ्यान्पिढ्या लावीत. युरोपीय संघाशी झालेल्या करारामुळे २००४ पासून त्यांना ते लावता येत नाही. १९०८ साली ओबच्या वाट्याला आलेले दुःख हेच. उलट रशियाने २०२१ च्या कायद्याने 'शाम्पान्स्कोये' हा शब्द केवळ रशियन मालासाठी राखून ठेवला, आणि खुद्द फ्रेंच बाटलीवर मागच्या बाजूस रशियन भाषेत 'फेसाळ वाइन' असे लिहावे लागले. नावाची लढाई न्यायाने सुरू होते. तिचा शेवट बलाबलावर ठरतो, असे ही दोन उदाहरणे पाहून म्हणावेसे वाटते.

मराठी मुलखाशी या कथेचे नाते अलीकडचे आहे. १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावाजवळ शँपेनमधील तज्ज्ञांच्या साहाय्याने, बाटलीत फेस आणण्याच्या अस्सल रीतीने वाइन होऊ लागली आणि 'ओमर खय्याम' या नावाने परदेशीही गेली. त्या कंपनीने आपल्या नावातच शँपेन हा शब्द घेतला होता. त्या वेळी भारतात त्याला अटकाव करणारा कायदा नव्हता. भौगोलिक निर्देशांचा कायदा १९९९ मध्ये होऊन २००३ पासून अमलात आला, आणि आज त्या नोंदवहीत पैठणी, चंदेरी यांच्याबरोबर शँपेनही नोंदलेली आहे. गोव्यातील मंडळींना आपुलकीचे असे 'पोर्तो' हे नावही तेथे पोर्तुगालच्या नावे आहे. त्या वाइनच्या दोरू खोऱ्याची सीमा पोंबालच्या मार्क्विसने १७५६ सालीच आखून घेतली होती.

मोए पेढीने नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला फेसाळ वाइन करण्यास सुरुवात केली ती २०१३ च्या सुमारास. तेथे सुगी शरदात होत नाही, हिवाळ्याच्या अखेरीस होते. जमीन खडूची नाही, काळ्या दगडाची आहे. बाटलीत दुसऱ्यांदा आंबविण्याची रीत मात्र तीच. या बाटलीवर शँपेन हा शब्द येत नाही. तैतँजे या रँसच्या दुसऱ्या पेढीने २०१५ साली इंग्लंडमध्ये केंट परगण्यात जमीन घेतली. तेथे खाली तोच पांढरा खडू आहे, समुद्राखालून आलेला. हवा पूर्वीपेक्षा उबदार झाली आहे, वेली त्याच तीन जातींच्या आहेत. मेरेटच्या देशात पिकणारी ही वाइनही शँपेन म्हणवून घेऊ शकत नाही. मळ्याला त्यांनी नाव दिले आहे ते सेंत-एव्हर्‌मोंचे. सतराव्या शतकात फ्रान्समधून हद्दपार होऊन लंडनला राहिलेल्या आणि तेथील दरबाराला शँपेनची गोडी लावणाऱ्या गृहस्थाचे.